रविवारची तयारी, आठवड्याचा स्वयंपाक : प्रकल्प नोंदी (जानेवारी ते मार्च २०२५)

४ जानेवारी, शनिवार

सुरुवातीला हेतू लिहून ठेवतो. घरात माणसं पाच : आई, बायको, मी, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. बायको नर्स आहे, पाळ्या बदलत्या. सकाळची पाळी असली की ती पावणेसातला घराबाहेर. रात्रपाळी असली की मी ऑफिसला निघतो तेव्हा ती दारात. पोळ्यांना मावशी येतात. बाकी सगळं, म्हणजे मुलांचे छोट्या आणि मोठ्या सुट्टीचे डबे, आम्हा दोघांचे डबे, आईचं दुपारचं जेवण, रात्रीचा स्वयंपाक, हे इतकी वर्षं तिनंच ओढलं. या महिन्यापासून सोमवार ते शनिवारचा स्वयंपाक माझ्याकडे. सकाळी मला पाऊण तास मिळतो, संध्याकाळी सातनंतर जेमतेम तेवढाच. त्यात रोज निवडणं, सोलणं, वाटणं बसणार नाही. म्हणून रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवायची.

आईची अट पहिल्याच दिवशी आली : "शिळं मी खाणार नाही, आणि पोरांनाही घालू नकोस." अट मान्य आहे. किंबहुना हा सगळा प्रकल्प त्या अटीभोवतीच उभा करायचा आहे.

५ जानेवारी, रविवार

स्वयंपाक सुरू करण्याआधी घड्याळ लावून पाहिलं. मटकीची उसळ घेतली. कांदा चिरणं, लसूण सोलणं, खोबरं खवणं, वाटण भाजून वाटणं, मिक्सर धुणं, चिंचेचा कोळ काढणं यात चाळीस मिनिटांच्या आसपास गेली. फोडणी घालून उसळ शिजायला लागली बारा-पंधरा मिनिटं. आमटीचं तेच, भरल्या वांग्याचं तर आणखीच. आपल्या स्वयंपाकात वेळ चुलीवर कमी जातो आणि विळीवर, पाट्यावर जास्त.

म्हणजे आठवड्याच्या भाज्या शिजवून डब्यात भरून ठेवायचं कारणच नाही. आधीचा वेळखाऊ अर्धा भाग रविवारी उरकायचा आणि फोडणीपासून पुढचं रोज ताजं करायचं. आईला हे सांगितल्यावर तिनं जे ऐकवलं ते इथं उतरवून ठेवतो : "कूट, चटण्या, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, हे काय रोज करतात का? ते तर आम्ही महिना-महिना पुरवायचो." टिकणारं काय आणि न टिकणारं काय याचं ज्ञान घरातच बसलं आहे. यादी तिच्याकडून करून घेतली.

आज झालेली तयारी : दाण्याचं कूट, सुकी लसूण चटणी, आलं-लसूण पेस्ट, चिंचेचा कोळ (उकळून, काचेच्या बाटलीत), खवलेलं ओलं खोबरं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, निवडलेली मेथी, मोडाची मटकी.

फ्रिजचं तापमान आधीच मोजून ठेवलं होतं. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला रात्रभर ठेवून सकाळी त्यात थर्मामीटर घातला तर आठ अंश! अन्न ठेवायचं तर आत पाचच्या वर जाता कामा नये. बटण फिरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, चार आलं. दाराच्या कप्प्यात त्याहून जास्तच राहतं, त्यामुळे तिथं कोळ, लोणचं आणि सॉस एवढंच. दूधही आत सरकवलं.

९ जानेवारी, गुरुवार

पुण्यात राहायचं तर आठवड्याचं वेळापत्रक गुरुवार धरून बसवावं लागतं. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की तो वार बहुधा हाच, आणि सूचनेतलं पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं : शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. त्यामुळे गुरुवारी रात्री एकाच भांड्यात होणारं काहीतरी हवं, आणि शुक्रवारच्या डब्याला भांडी कमीत कमी पडायला हवीत.

ठरवलं असं. गुरुवारी रात्री मुगाच्या डाळीची खिचडी किंवा मसालेभात, सोबत ताक, पापड, लोणचं. शुक्रवारी भाजणीची थालीपीठं, दह्याबरोबर. भाजणी आईची. थालीपिठाला लागणारा कांदा मात्र आयत्या वेळी चिरायचा. चिरलेला कांदा डब्यात ठेवला की सगळ्या फ्रिजला त्याचा वास लागतो आणि त्याची चवही उग्र होते.

बाकीचे वार भाजीच्या टिकण्यावरून लागतात. पालेभाजी सोमवारी-मंगळवारी, मोडाचं कडधान्य मंगळवारी-बुधवारी, कोबी, दुधी, लाल भोपळा मागच्या दिवसांना. शनिवारी भाजीची टोपली रिकामी झालेली असते, तेव्हा पिठलं नाहीतर कढी. मुलीनं हे तिच्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दाराला लावलं. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी आणि तारीख घालायचं खातंही तिनं स्वतःकडे घेतलं आहे. तारखेशिवाय एकही डबा आत जाऊ देत नाही.

१२ जानेवारी, रविवार

उद्या भोगी. आईला भोगीची भाजी सगळ्या भाज्या घालूनच लागते : वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, मटार, बोरं, शेंगदाणे. वर तिळाचं कूट आणि गोडा मसाला. सोमवारी सकाळी हे सगळं निवडायला बसलो असतो तर कुणालाच डबा मिळाला नसता. आज दुपारी सगळेच जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. धाकट्यानं मटार आणि सोलाणे सोलले, त्यातले बरेचसे पोटात गेले. बायकोची आज सुट्टी. घेवड्याच्या शिरा तिनं काढल्या. आई पावटा सोलत होती आणि तिच्या लहानपणीच्या भोगीचं सांगत होती. रोज सकाळी ओट्याशी एकटी बाई उभी असते ते हेच काम. रविवारी ते पाच जणांत वाटलं जातं. मला वेळ वाचल्याइतकंच हेही महत्त्वाचं वाटतं.

वांगी मात्र चिरली नाहीत. ती काळी पडतात, सकाळी पाण्यात टाकत टाकत चिरायची. गाजर, घेवडा आणि सोललेले दाणे वेगवेगळ्या डब्यांत. तीळ भाजून कूट करून ठेवलं. बाजरीचं पीठ ताजं दळून आणलंय, जुनं झालं की कडवट लागतं.

१३ जानेवारी, सोमवार

भाजी वीस मिनिटांत चुलीवरून उतरली. मावशींनी पोळ्यांऐवजी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या केल्या. आईनं दोन वेळा भाजी वाढून घेतली.

१९ जानेवारी, रविवार

थंडीनं मटकीला मोड यायला दोन रात्री लागताहेत. आईनं सांगितलेला उपाय : भिजलेली मटकी निथळून पंचात घट्ट बांधायची आणि पुरचुंडी कोमट पाण्यानं धुऊन काढलेल्या हॉटपॉटमध्ये झाकून ठेवायची. सकाळपर्यंत अर्ध्या पेराएवढे मोड आले.

आजचा मुख्य विषय : गार करणं. कडधान्यं कच्चीच ठेवायची असली तरी छोले आणि राजमा रविवारी उकडून ठेवले तर आठवड्यात एक रात्र सुटते. पण उकडलेलं अन्न गरम-गरम फ्रिजमध्ये घालता येत नाही, आणि ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवणंही चालत नाही. पाच ते साठ अंशांच्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

बोहरी आळीतून आणलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून दोन प्रकारे पाहिलं. उकडलेले छोले पाण्यासकट अर्धे उंच पातेल्यात ठेवले, अर्धे पसरट थाळ्यात. थाळा गार पाण्याच्या परातीत बसवला आणि पाणी तापलं की बदललं. अर्ध्या तासानं थाळ्यातले छोले तिशीला आले होते. पातेल्यातले बाहेरून कोमट लागत होते, पण थर्मामीटर मध्यभागी नेला तर अजून साठीच्या पुढे! वरून हात लावून "गार झालं" म्हणतो ते आतून झालेलं नसतं. तुळशीबागेतून पसरट स्टीलचे डबे आणले आहेत. यापुढे शिजवलेलं जे काही ठेवायचं ते दोन बोटं उंचीपेक्षा जास्त भरायचं नाही.

भात या योजनेत घेतलेलाच नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानंही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. भाताला कुकरमध्ये असा कितीसा वेळ लागतो? रोज ताजाच लावायचा. रात्री उरलाच तर जेवण झाल्या झाल्या पसरून गार करून फ्रिजमध्ये, आणि सकाळी फोडणीचा भात करून संपवायचा.

२६ जानेवारी, रविवार

या आठवड्यात शहरात सगळीकडे जीबीएसचीच चर्चा. सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले आहेत, काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आहे. आम्ही कर्वेनगरला, म्हणजे राजाराम पूल ओलांडला की तोच भाग. पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा, अशा सूचना आहेत. बायको रोज कामावरून येऊन हात कोपरापर्यंत धुते आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकते. तिचं पाहून मुलंही तेच करायला लागली आहेत.

तयारीत केलेले बदल. मोडाची मटकी-मूग कच्चे, कोशिंबिरीत, सध्या पूर्ण बंद. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे मोडाचं कडधान्य शिजवूनच खायचं. ताकाला उकळून गार केलेलं पाणी. कोथिंबीर वरून घालायची तर तीही त्याच पाण्यानं धुवायची. कच्चं चिकन रविवारी आणून आठवडाभर ठेवायचं नाही. ज्या दिवशी करायचं त्या दिवशी आणायचं, वेगळ्या पाटावर चिरायचं आणि पाट-सुरी लगेच साबणानं धुवायची. चिकन धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भाजीवर जातात आणि कॅम्पिलोबॅक्टर नेमका तसाच पसरतो. म्हणून ते नळाखाली धरून धुणं आम्ही थांबवलं. आईला हे पटवायला वेळ लागला. सुनेनं समजावून सांगितल्यावर पटलं.

कच्च्या कोशिंबिरीऐवजी आता वाफवलेल्या गाजर-बिटाची दह्यातली कोशिंबीर. मुलांना ती जास्त आवडली.

९ फेब्रुवारी, रविवार

फ्रीजरचा हिशेब. बाजारात मटार भरपूर आहे, सोलून आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून काढला. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडा करून पिशव्यांत. ही दोन मिनिटं टाळता येत नाहीत. दाण्यातली विकरं (एन्झाइम्स) गोठवल्यावरही हळूहळू काम करत राहतात आणि हिरवा रंग, गोडी दोन्ही उतरतात. उकळत्या पाण्यानं ती थांबतात.

ओलं खोबरं फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत आंबूस होतं, फ्रीजरमध्ये महिनाभर सहज राहतं. युक्ती अशी की ते पिशवीत भरून हातानं पोळीसारखं पातळ चपटं करायचं आणि सुरीच्या पाठीनं चौकटी पाडून मग गोठवायचं. सकाळी हवा तेवढा तुकडा मोडून पोह्यांवर टाकता येतो. कांदा-खोबऱ्याचं वाटणही तसंच. एक चौकट म्हणजे एका वेळची आमटी.

आलं-लसूण पेस्टमध्ये मीठ आणि थोडं तेल घालून बर्फाच्या साच्यात. तेलातला लसूण ओट्यावरच्या बरणीत ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, पण तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूला नेमकी तशीच जागा लागते. आमच्याकडे तो फ्रीजरमध्येच राहील.

बटाटा फ्रीजरमध्ये नाही. त्यातलं पाणी गोठून पेशी फुटतात, मग भाजी पाणचट आणि रवाळ होते. आमटीत बटाटा लागला तर त्याच दिवशी. भेंडीही चिरून ठेवायची नाही. धुऊन, एकेक पुसून, पंख्याखाली वाळवून आख्खीच ठेवली तर तीन दिवस छान राहते आणि परतताना तार सुटत नाही.

मेथी-पालक न धुता, निवडून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात. वर्तमानपत्रात नाही. अन्नाला शाई लागते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानंच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं सांगितलेलं आहे. भोगीला सोलाणे सोलायला पसरलेलं वर्तमानपत्रही त्यामुळे बदललं, आता जुनी चादर.

२३ फेब्रुवारी, रविवार

बुधवारी महाशिवरात्र. उपासाला तिघं. दाण्याचं कूट जास्त केलं, रताळी आणून ठेवली, भगर निवडून ठेवली. साबुदाणा मंगळवारी रात्री भिजवायचा. उपास न करणाऱ्या मुलांसाठी त्या दिवशी वेगळं काही नाही, त्यांना खिचडीच हवी असते.

९ मार्च, रविवार

होळी गुरुवारी. म्हणजे पाणी बंद असण्याचा वार आणि पुरणपोळी एकत्र. पुरण आजच करून ठेवता येईल का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "पुरण राहील, कट राहायचा नाही."

तिच्या देखरेखीखाली केलं. अर्धा किलो चणाडाळ, चार तास भिजलेली, कुकरमध्ये बोटानं चिरडेल इतकी शिजवली. चाळणीत निथळून खाली कट काढला. डाळीत तेवढाच गूळ घालून जाड बुडाच्या पातेल्यात परत चुलीवर. गूळ विरघळला की आधी सगळं पातळ होतं, मग फुटाणे उडायला लागतात आणि हात भाजतात, लांब दांड्याचं उलथनं हवं. आईनं पुरण झालं का ते पाहायची पद्धत दाखवली : उलथनं मधोमध उभं रोवायचं. कललं तर अजून ढवळायचं. ते सरळ उभं राहिलं तेव्हा तिनं गॅस बंद करायला सांगितलं. जायफळ-वेलची घातली आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं. गार झालं की दांडा फिरत नाही.

पुरण टिकतं आणि कट टिकत नाही, यामागचं कारण पाण्याचं आहे. गुळानं पुरणातलं पाणी बांधून घेतलेलं असतं, जिवाणूंना ते मिळत नाही. कट म्हणजे डाळीचं सत्त्व उतरलेलं पाणीच, एका दिवसात आंबतो. म्हणून पुरण पसरट डब्यात फ्रिजमध्ये, कट गार करून फ्रीजरमध्ये.

१३ मार्च, गुरुवार

पुरण सकाळी सातला बाहेर काढून ठेवलं. साडेआठला मऊ झालं होतं, वासाला चवीला कालच केल्यासारखं. कणीक ताजी, तेलात तिंबलेली. पोळ्या आईनं आणि मावशींनी लाटल्या, भाजायला मी. कटाचा गोळा पातेल्यात घालून वितळवला, फोडणी, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, वाटणाची एक चौकट, आणि आमटीला उकळी आली. बायको रात्रपाळी करून नऊला घरी आली. आंघोळ करून थेट पानावर बसली. आई तिला म्हणाली, "आज तू उठायचं नाहीस, तूप मी वाढते."

आईच्या अटीचं काय, असं मुलीनं जेवताना विचारलं. आई म्हणाली, "पोळी आत्ता लाटली ना? मग ताजी."

२३ मार्च, रविवार

ऊन वाढलंय, दुपारी स्वयंपाकघरात पस्तीसच्या वर जातंय. जानेवारीचं वेळापत्रक आता लागू पडत नाही. मटकीला एका रात्रीत मोड येतात आणि सकाळी लगेच फ्रिजमध्ये घातली नाही तर वास सुटतो. इडलीचं पीठ थंडीत बारा-चौदा तास घ्यायचं, आता सहा-सात तासांत पातेल्याच्या काठाला येतं. पीठ फुगलं की लगेच आत. गारव्यात आंबायचं काम मंदावतं, तरी चौथ्या दिवशी ते आंबटच होतं, मग त्याचे कांदा-टोमॅटो घालून उत्तप्पे.

गार करण्याची परात आता बर्फाच्या पाण्याची. तयारीची वेळही दुपारऐवजी सकाळी सात ते दहा केली. पालेभाजी आठवड्याला दोनदा आणतो, थोडी थोडी. दाण्याचं कूट बाहेर ठेवलं की खवट होतंय, तेही फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. तयारी कालच, शनिवारी उरकली. श्रीखंडाचा चक्का शुक्रवारी रात्री फ्रिजमध्येच चाळणीवर टांगला. बाहेर टांगला तर या दिवसांत आंबट होतो. काल साखर घालून मुरत ठेवला, आज सकाळी मुलीनं पुरणयंत्रातून काढला आणि धाकट्यानं केशर खललं.

पुढच्या महिन्यात बायकोला सकाळची पाळी आहे. उन्हाची तयारी म्हणून ती पन्हं मागते आहे. कैऱ्या उकडून गर काढायचा, गूळ आणि वेलची घालून एक उकळी द्यायची आणि बाटलीत भरून ठेवायचा. सकाळी दोन चमचे गर, गार पाणी, मीठ, की तिची बाटली तयार. गर फ्रिजमध्ये किती दिवस चांगला राहतो ते तारीख लिहून पाहायचं. मंडईत कैरी आली आहे, येत्या शनिवारी दोन किलो आणतो.